पावरी ऐकू येते, पावरकराचे नाव का येत नाही? मराठी वाहिन्या व निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी दूरचित्रवाहिन्या, चित्रपट व जाहिरात निर्मिती संस्था यांचे निर्माते, वृत्तसंपादक, पार्श्वसंगीतकार आणि ध्वनिसंयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेरच्या पलीकडे डोंगराला लागून असलेल्या एका गावात शिक्षक आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातील वाद्ये आपल्या पडद्यावर अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटू लागली आहेत. गुन्हेगारी मालिकेत रात्रीच्या जंगलाचे दृश्य आले की मागे पावरी, म्हणजे आमच्याकडचे भोपळ्याचे फुंकवाद्य, वाजू लागते. मसाल्याच्या जाहिरातीत दोन-तीन सेकंद संबळ कडाडतो आणि थांबतो. निवडणुकीच्या बातम्यांची शीर्षकधून सुरू झाली की तिच्यात हलगीचा ठेका असतो. वाद्य ओळखीचे असले की घरातले सगळे हातातले काम टाकून पडद्याकडे पाहतात, आणि पहिल्या क्षणी आनंदच होतो. त्यामुळे हे पत्र आपण ही वाद्ये वापरता म्हणून लिहिलेले नाही. आपण ती आणखी वापरावीत, अशीच माझी इच्छा आहे. ती कोणत्या रीतीने वापरली जातात, याविषयी मात्र मला आपल्याशी स्पष्ट बोलायचे आहे.

खान्देशातील वाद्यांच्या वाट्याला आपल्याकडे दोन तऱ्हा येतात. काही वाद्ये दिसतात, पण ऐकू येत नाहीत. काही ऐकू येतात, पण दिसत नाहीत. दोन्ही तऱ्हांत वाजवणारा माणूस गळून पडतो.

पहिली तऱ्हा दरवर्षी होळीच्या सुमारास पाहायला मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी येथे राजवाडी होळी होते, रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. सातपुड्यातून पायी आलेल्या माणसांचे मोठमोठे ढोल, नाचणाऱ्यांच्या डोक्यावरचे मोरपिसांचे टोप, अंगावरचे राखेचे पट्टे, कमरेला बांधलेले वाळके भोपळे आणि घुंगरू हे सारे आपले कॅमेरे फार सुंदर टिपतात. मात्र बातमी प्रसारित होते तेव्हा त्या चित्राखाली अनेकदा स्टुडिओतली एखादी तयार धून किंवा होळीचे चित्रपटगीत घातलेले असते आणि वर निवेदकाचा आवाज असतो. ढोलावर टिपरू पडताना दिसते, पण कानाला सिंथेसायझर ऐकू येतो. कमरेचे ते भोपळे शोभेसाठी नसतात. नाचणारा उसळी घेतो तशी आतल्या सुक्या बिया खुळखुळतात, त्यात घुंगरांची भर पडते आणि ढोलाच्या दोन घावांमधली जागा त्या आवाजाने भरून निघते. त्या नाचणाऱ्याचे अंगच तिथे वाद्य झालेले असते. आवाज काढून टाकला की उरतो तो रंगवलेल्या अंगांचा तमाशा, आणि मग शहरातला प्रेक्षक त्याकडे तसाच पाहतो. कॅमेऱ्याबरोबर मायक्रोफोन तिथपर्यंत नेलेला असतोच. निवेदन वीस सेकंद थांबवून मूळ आवाज जाऊ द्यायला कोणताही जादा खर्च येत नाही.

दुसरी तऱ्हा मला अधिक लागते, कारण ती पावरीच्या वाट्याला आली आहे.

पावरी ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. वाळवून आतून पोखरलेला भोपळा हा तिचा पोटाचा भाग. त्याला एका बाजूने फुंकण्याची नळी आणि दुसऱ्या बाजूने छिद्रे पाडलेल्या बांबूच्या दोन नळ्या बसवतात. नळ्यांच्या आतल्या तोंडाला बांबूचीच बारीक जीभ कापलेली असते, आणि तीच आवाज देते. सगळे सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवतात, कारण कुठूनही हवा निसटली तर सूर बसतो. खालच्या टोकाला बैलाचे शिंग लावतात, त्यामुळे आवाज दाट होऊन लांब जातो, आणि वर मोरपिसे खोवतात. वाजवणाऱ्याचे ओठ त्या जिभेला कधीच लागत नाहीत. त्याची फुंक आधी भोपळ्यात साठते. गालात हवा धरून नाकाने श्वास घेत तो फुंक तुटू देत नाही, म्हणून पावरीचा सूर कितीही वेळ अखंड चालतो. थंडीच्या रात्री वाजवायला बसण्यापूर्वी पावरकर, म्हणजे पावरी वाजवणारा, वाद्य शेकोटीजवळ धरतो, मेण किती मऊ झाले ते अंगठ्याने दाबून पाहतो, एक सांधा पुन्हा लिंपतो आणि हलकी फुंक मारून कान देतो. हे सारे न बोलता चालते आणि त्या वेळी कोणी त्याला घाई करत नाही.

साक्री, बागलाण, कळवण या तालुक्यांतील कोकणा, भिल्ल, मावची समाजांत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. व्रत घेतलेली माणसे अनवाणी राहतात, खाण्यापिण्याचे नियम पाळतात, गावोगाव नाचत फिरतात आणि पौर्णिमेला डोंगरावर जातात. या साऱ्या दिवसांत पावरी त्यांच्याबरोबर असते. तिच्यावाचून नाच उभा राहत नाही. पावरकर हा तिथे करमणूक करणारा कलावंत म्हणून येत नाही, तो त्या विधीचाच भाग असतो.

आता हाच आवाज आपण कुठे नेऊन ठेवला आहे ते पाहावे. भुताची चाहूल, नरबळीची तयारी, दऱ्यांत लपलेला दरोडेखोर, डोळे फिरवणारा भगत अशा दृश्यांखाली पावरीचा अखंड सूर सोडून दिला की भीती आयती तयार होते. अशा एका मालिकेचा भाग प्रसारित झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मुले त्यातल्या भुताची नक्कल करत होती आणि तोंडाने तोच आवाज काढत होती. ज्याच्या घरी पावरी आहे असा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, ती तर आमच्या देवाची पावरी आहे.” बाकीची मुले हसली आणि तो खाली बसला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला कोणी त्या वाद्याविषयी विचारले तर तो उत्तर देत नसे. आपल्या संकलनाच्या टेबलावर घेतलेला एक छोटासा निर्णय एखाद्या मुलाला त्याच्या घरच्या देवाविषयी संकोच वाटायला लावू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. देवळातली घंटा किंवा सनई आपण नरबळीच्या दृश्यामागे सहसा वापरत नाही. प्रेक्षकांना ते खपणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. पावरी ऐकून दुखावणारा प्रेक्षक डोंगरात राहतो आणि त्याचे पत्र आपल्यापर्यंत येत नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्यातील काही जाणकार यावर म्हणतील की, प्रेक्षकाला ती पावरी वाटतच नाही, बीन वाटते. हे खरे आहे. गारुड्याची बीन आणि पावरी एकाच कुळातली वाद्ये आहेत, कारण भोपळा, दोन नळ्या, आतल्या जिभा आणि मेण हे दोन्हींत सारखेच. पण प्रेक्षकाच्या कानात बसलेली बीन तरी खरी कुठे आहे? १९५४ साली आलेल्या ‘नागिन’ चित्रपटातील जी धून आजही खान्देशातल्या प्रत्येक वरातीत बँडवाला वाजवतो आणि जिच्यावर रुमाल तोंडात धरून तरुण लोळतात, ती मुळात बिनीवर वाजलेलीच नाही. हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ती कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या परदेशी वाद्यावर वाजवली आणि रवी यांनी हार्मोनियमची जोड दिली. क्लॅव्हायोलिन फ्रान्समध्ये १९४७ साली तयार झाले होते. म्हणजे त्या वेळी ते अगदी नवे वाद्य होते, आणि त्याने एका प्राचीन वाद्याची जागा इतकी बेमालूम घेतली की पुढच्या पिढ्यांना खरी बीन ऐकवली तर तीच खोटी वाटावी. त्या दोन्ही वादकांच्या कसबाविषयी मला आदरच आहे. ते दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले, म्हणून ही हकिकत लोकांपर्यंत पोहोचली आणि त्यांची नावे आज आपण घेऊ शकतो. ते नामवंत झाले नसते तर त्या धुनेमागचे हात कोणाचे हे सांगणारे कोणी उरले असते का, याचा विचार आपण करावा.

पावरीच्या बाबतीत नेमके हेच घडू लागले आहे. पुष्कळदा आपल्याकडे पावरकर येतच नाही, येतो तो संगणकातला साठवलेला नमुना. कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी पावरकरासमोर मायक्रोफोन धरला, त्याचे काही सूर घेतले आणि ते कीबोर्डच्या पट्ट्यांवर पसरवले. भोपळ्याचा घेर आणि बांबूची जाडी प्रत्येक वेळी निराळी असल्याने प्रत्येक पावरीचा सूर स्वतःचा असतो, आणि तो पेटीच्या पट्टीला जुळेलच असे नाही. तो नमुना खेचून चार पट्ट्या वर नेला की कोणत्याही माणसाने कधीही न फुंकलेला आवाज तयार होतो. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. छोट्या निर्मितीला वादक आणणे परवडत नाही, हेही समजते. पण नमुना विकत घेताना तो कोणाच्या फुंकीचा आहे एवढे विचारता येते. विकणाऱ्याने सांगितले नाही तर दुसरीकडून घ्यावा. घेणारे विचारू लागले की विकणारे लिहून ठेवू लागतील.

नाव सांगण्याची रीत आपल्या माध्यमांना नवी नाही. आकाशवाणीवर शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम संपला की निवेदक तबल्यावर कोण होते, हार्मोनियमवर कोण होते, सारंगीवर कोण होते हे एकेक करून सांगतो. त्याला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांमुळे कितीतरी साथीदारांची नावे खेडोपाडी पोहोचली. त्याच आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला आपल्या स्टुडिओची दारे बंद केली होती आणि ती बंदी १९७१ पर्यंत उठली नाही. गावागावातल्या भजनी मंडळात रोज वाजणारी पेटी तीस वर्षे नभोवाणीवर आली नाही, याचा अर्थ कोणते वाद्य लोकांच्या कानावर पडावे हे ठरवण्याची ताकद प्रसारमाध्यमाच्या हाती असते. पुढे पेटी परत आली आणि पेटीवाल्याचे नावही येऊ लागले. लोकसंगीताच्या बाबतीत मात्र तिथेही हात आखडता राहिला. मुख्य गायकाचे नाव घेऊन पुढे “आणि साथी” एवढे म्हटले की काम भागत असे. आमचे संबळवाले, डफवाले, तुणतुणेवाले त्या “आणि साथी”मध्येच राहिले. दूरचित्रवाणीने तेवढेही केले नाही.

कायद्याचेही थोडे सांगणे भाग आहे. आपल्या विधी विभागाला ते ठाऊक असेल, पण आमच्याकडच्या वादकांना बहुधा नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकार’ कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. तिच्यात अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलाकाराला आपली ओळख सादरीकरणाशी जोडली जावी असा हक्क दिला, आणि सादरीकरणाची बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचाही हक्क दिला. व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मागण्याची तरतूदही त्याच वेळी आली. मात्र त्याच दुरुस्तीत एक अट आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक स्वरूपाचा असतो आणि उद्योगाच्या रूढ प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच दिले जात नाही, त्याला मोडतोड रोखण्याच्या हक्कापुरतेच कलाकार मानले जाते, एरवी नाही. या अटीचा आमच्या माणसांच्या दृष्टीने काय अर्थ होतो, ते शांतपणे पाहावे. प्रथा म्हणून आपण त्याचे नाव लिहीत नाही, आणि नाव लिहिण्याची प्रथा नाही म्हणून तो ओळखीच्या आणि मानधनाच्या हक्काला मुकतो. श्रेयनामावलीतील एक ओळ आपल्याला सौजन्याची बाब वाटत असेल; त्याच्यासाठी तिच्यावर त्याचा कलाकार असणेच अवलंबून आहे.

ही ओळ काय करू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वारली भिंतचित्रे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही नावाविना काढली जात होती. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव त्या कलेला जोडले गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज ती चित्रे जगभर मानाने टांगली जातात. त्या चित्रांत सर्वांत ओळखीचा असतो तो गोलाकार नाच, आणि त्या वेढ्याच्या आत उभा असतो तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा. चित्रकाराला नाव मिळाले. चित्राच्या मधोमध उभा असलेला तो वादक मात्र कितीतरी काळ निनावीच राहिला. ओघात आले म्हणून हेही सांगतो की, सातपुड्यावरच्या किंवा साक्री-नवापूरच्या बातमीमागे हेच चित्र लावण्याची सवय आपण सोडावी. तारपा पालघरकडचा, त्याचा भोंगा ताडाच्या पानांचा. आमच्या पावरीला शिंग असते. कोल्हापूरच्या बातमीमागे वैदर्भीय दंडार दाखवली तर आपण लगेच दुरुस्ती कराल. तीच काळजी आदिवासी भागांच्या बाबतीतही घ्यावी.

आणखी एका वाद्याविषयी आधीच लिहून ठेवतो, कारण ते अजून आपल्या हाती फारसे लागलेले नाही. कोकणा कथेकरी काशाची थाळी पुढ्यात ठेवतात, तिच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि दोन्ही हातांची बोटे त्या काडीवरून वरून खाली ओढत राहतात. थाळीतून एक खोल गुंजन निघते आणि त्या गुंजनावर धान्यदेवता कणसरीची, रामाची कथा रात्रभर सांगितली जाते. हाताला थोडे पाणी लावायचे, काडी कोरडी पडली की आवाज चिरका होतो, हे ज्याने त्याने बसून शिकायचे असते. हा आवाज इतका वेगळा आणि कानात भरणारा आहे की कुठल्यातरी जाहिरातीत, चित्रपटात किंवा ध्यानधारणेच्या ॲपमध्ये तो आज ना उद्या येणारच. तो येईल तेव्हा पावरीच्या बाबतीत झाले तसे होऊ नये, म्हणून आत्ताच सांगतो आहे. थाळी वापरावी, पण ती कथेची थाळी आहे हे ध्यानात ठेवून वापरावी आणि काडीवर बोटे कोणाची फिरली ते लिहावे.

मला आपल्याकडून काय हवे आहे ते आता सरळ मांडतो. आमच्या भागातील वाद्य आपल्या कार्यक्रमात मूळ वादकाकडून वाजले असेल तर वाद्याचे, वादकाचे आणि त्याच्या गावाचे नाव श्रेयनामावलीत यावे. जाहिरातीत जागा नसेल तर ती जिथे जिथे संकेतस्थळावर टाकली जाते तिथे खाली लिहावे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातावर ठेवलेले पैसे म्हणजे सर्व हक्कांचा मोबदला असे मराठीत न समजावलेले कागद अंगठा घेऊन करू नयेत. ग्रामसभेत किंवा शाळेत बसून कागद वाचून दाखवला तर आमच्याकडची माणसे अडवणूक करणारी नाहीत. बातम्यांत उत्सवाचे दृश्य असेल तर त्याचा मूळ आवाज काही काळ तरी तसाच ठेवावा. आणि डोंगऱ्या देवाच्या पावरीला भुताखेतांच्या दृश्यांतून बाहेर काढावे. ही शेवटची विनंती कायद्यात बसणारी नाही, ती मी आपल्या मनाला करतो आहे.

खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर मार्गशीर्षात या भागात यावे. मात्र आधी गावातल्या जाणत्या माणसांना विचारावे, कारण व्रताच्या दिवसांतले काही सूर त्या जागेबाहेर वाजवायचे नसतात आणि कोणते वाजवता येतील हे पावरकरच सांगू शकतो. पिंपळनेर-कुडाशी भागातल्या कोणत्याही शाळेत चौकशी केली तरी पुढचा माणूस भेटेल. मुद्रणाची एक प्रत गावाच्या शाळेसाठी द्यावी; मुलांना आपल्या घरातला आवाज वर्गात सन्मानाने ऐकवता येईल.

आपल्यापैकी ज्या संस्थांनी पूर्वी पावरी, थाळी, संबळ किंवा सातपुड्यातले ढोल मुद्रित केले आहेत, त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत त्या दिवशी पैसे कोणाला दिले याची नोंद असणारच. ती नोंद काढून वादकाचे नाव शोधावे, आणि तो कार्यक्रम पुन्हा प्रसारित होईल तेव्हा ते नाव त्यात घालावे. त्यातले काही वादक आज थकले आहेत. म्हणून हे काम पुढच्या हंगामावर न टाकता या वर्षीच हाती घ्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
साक्री तालुक्यातील एक शिक्षक